आत्याचा मासा

मार्च सरत आला की आमच्या गल्लीत कूलरला वाळा भरून देणारा माणूस येतो. तो ओरडत वगैरे नाही. सायकलच्या कॅरिअरवर वाळ्याचे भारे, हँडलला सुतळीचा गुंडा, आणि त्याच्याही आधी त्याचा वास. कोरड्या वाळ्याला वास नसतोच म्हटलं तरी चालेल. पण अलीकडच्या एखाद्या घरी त्यानं ताटी भरून तिच्यावर पाणी मारलेलं असतं, आणि ते ओलं, मातकट, थोडं देवघरासारखं काहीतरी त्याच्या पुढं चालत येतं. यंदाही आला. दारापुढं सायकल लावली आणि दरवर्षीसारखं आत बघून म्हणाला, "आत्याबाई?"

"नाहीत," मी म्हटलं.

"गावाले गेल्या का?"

मी मान हलवली. ती होकाराची हलली की नकाराची, माझं मलाच कळलं नाही. त्यानं भारा उतरवला आणि तो कामाला लागला.

आत्या पौषात गेली. माझ्या वडिलांची धाकटी बहीण. आई-बाबांच्या माघारी या घरात आम्ही दोघीच होतो. मी कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी केली आणि लग्न केलं नाही. आत्याचं लग्न झालेलं होतं, पण ती राहिली इथंच. एवढं साधं वाक्य लिहायला मला बराच वेळ लागला, आणि लिहून झाल्यावरही ते बरोबर आहे असं वाटत नाही. "राहिली" म्हणजे काय? कुणी सांगितलं म्हणून राहिली, की नको म्हणाली नाही म्हणून राहिली?

हा प्रश्न मला ती होती तोवर पडला नव्हता. दहाव्याला घाटावर गुरुजींनी विचारलं, "गोत्र?" क्रिया माझा धाकटा भाऊ विजू करत होता. तो भोपाळहून आला होता. त्यानं ओल्या अंगानं माझ्याकडं पाहिलं. मी आमचं गोत्र सांगायला तोंड उघडलं, तेवढ्यात गुरुजी म्हणाले, "लग्न झालेलं होतं ना? मग सासरचं सांगा." आम्हाला दोघांनाही ते ठाऊक नव्हतं. मागं भिवापूरहून आलेला आतोबांचा पुतण्या उभा होता. "तुम्हीच करा, तुमच्याकडंच राहिल्या," असं म्हणून त्यानंच आदल्या दिवशी हात जोडले होते. पण गोत्र मात्र त्यानं चटकन सांगितलं. त्यानं तिला आयुष्यात फार वेळा पाहिलंही नसेल. गुरुजींनी ते गोत्र उच्चारलं, तिचं नाव उच्चारलं, विजूनं पाणी सोडलं, आणि मला वाटलं की ही दुसऱ्याच कुणा बाईची क्रिया चालू आहे आणि आपण चुकून इथं येऊन उभे आहोत.

तेव्हापासून मी त्या एका उन्हाळ्याकडं पुन्हा पुन्हा जाते. तिथं कुठंतरी उत्तर असावं असं वाटतं. पण उन्हाळा आठवला की आधी आठवतात ते मासे.

*

मी दहावीची परीक्षा दिली त्या वर्षीची गोष्ट. आत्या होळीच्या सुमाराला भिवापूरहून आली. अरुंद रुळांवरच्या छोट्या गाडीनं इतवारी स्टेशनावर उतरली आणि रिक्षात ट्रंक घालून नागपूरच्या महाल भागातल्या आमच्या घरी आली. एकटी. ही गोष्ट तेव्हा कुणी बोलून दाखवली नाही, पण मोठ्यांच्या चेहऱ्यांवरून मला कळली, कारण लग्न झालेली बाई माहेरी येते तेव्हा तिला कुणीतरी पोचवायला येतं आणि जायचं असतं तेव्हा कुणीतरी न्यायला येतं. आतोबांचा मिरचीचा व्यापार होता. आत्याची ट्रंक उघडली की सगळं घर शिंकायचं. तिच्या लुगड्यांच्या घड्यांत, वेणीत, उशीच्या अभ्र्यात मिरची होती. आई तिचे कपडे धुवायला न्यायची तेव्हा तोंडाला पदर लावायची.

ती का आली ते कुणी विचारलं नाही. बाबा विचारणार नाहीत हे उघडच होतं. ते कोराडीच्या वीजकेंद्रात कारकून होते आणि घरी आल्यावर कॉलरवरची राख झटकण्यापलीकडं फारसं काही बोलत नसत. आईनं विचारलं असेल, बायकाबायकांत. पण आईलाही शेवटपर्यंत कळलं होतं असं मला वाटत नाही. मारहाण नव्हती, सवत नव्हती. मूल नव्हतं, पण त्यावरून कुणी टोचून बोलत होतं असंही नाही. मी मोठी झाल्यावर एकदा तिला विचारलं होतं. ती निवडत असलेल्या मेथीवरून नजर न उचलता म्हणाली, "काय मालूम वं. तवा गाडी समोर उभी होती."

आमच्या घरात एक रीत होती, ती आईनं घातलेली. जे काही घरात येईल त्यातलं एकेक प्रत्येकानं आपलं निवडायचं. आंब्याच्या पेटीतला पहिला आंबा, दिवाळीतली पणती, चहाचा कप. बाबांचा कप निळ्या काठाचा, माझा कान तुटलेला पण कुणाला देणार नाही असा. पाहुण्यांचे कप निराळे, गुलाबाच्या फुलांचे, फडताळात वरच्या खणात. आत्याला आई त्या गुलाबाच्या कपातून चहा द्यायची. पहिले काही दिवस ते ठीकच होतं. नंतर वैशाख आला तरी ती त्याच कपातून पीत होती, आणि आईला तो बदलायचा कसा हे समजत नव्हतं. बदलला तर "तू आता पाहुणी नाहीस" असं म्हटल्यासारखं होईल, आणि तसं म्हणणं प्रेमाचं की क्रूरपणाचं, हे आत्यानंच आधी सांगायला हवं होतं.

अशात बाबांनी माशांची पेटी आणली.

कोराडीच्या वसाहतीतले एक साहेब बदली होऊन चालले होते. जाताना ते सामान वाटत होते. त्यात ही पेटी होती, लोखंडी पट्ट्यांची चौकट, काचा, कडेनं काच बसवायची लांबी भरलेली. बाबांनी ती कर्मचाऱ्यांच्या बसमधून मांडीवर घेऊन आणली. घरी पोचले तेव्हा पँटवर गंज आणि चेहऱ्यावर घाबरल्यासारखं हसू. "काय करता याचं?" आईनं विचारलं. "मासे ठेवता येतात," बाबा म्हणाले. आमच्या घरात मासे खातही नसत, पाळणं दूरच. आता वाटतं, घरात एक माणूस गप्प बसलेलं आहे आणि आपल्याला बोलता येत नाही, तेव्हा बघायला काहीतरी हलतं हवं, असं त्यांना वाटलं असेल. किंवा फुकट मिळाली म्हणून आणली असेल. दोन्ही शक्य आहे.

आत्यानं मात्र पेटीकडं पाहून पदर खोचला. कन्हान नदीची वाळू कुठल्याशा बांधकामावरून विजूनं मागून आणली, ती तिनं अंगणातल्या विहिरीवर बसून धुतली. पाणी बदलत गेली, धूत गेली. आई म्हणायची, "सुशी, राहू दे वं, तू बस." आणि ती म्हणायची, "बसूनच तं धुवून राहिली, वहिनी." नळाचं पाणी भरून पेटी तशीच ठेवायची, औषधाचा वास उडू द्यायचा, मग मासे, असं मी वाचनालयातल्या एका जाड इंग्रजी पुस्तकात वाचलं होतं. ते वास उडणारं पाणी आम्ही सगळे रोज येताजाता हुंगायचो.

*

मासे आणायला सीताबर्डीला गेलो ती संध्याकाळ मला अजून भाजते. सूर्य गेला होता, पण रस्ता खालून तापत होता. दुकान खरं पिंजऱ्यांचं होतं. पोपट, लव्हबर्ड, आणि मागच्या भिंतीशी हिरवट उजेडात माशांच्या टाक्या. दुकानदार पानाचा तोबरा भरलेला, गुबगुबीत, सगळ्यांना "साहब" म्हणणारा.

"एकेकानं एकच जात," आईनं दारातच आम्हाला बजावलं.

बाबांनी एंजल मासा पसंत केला. तो उभा, चपटा, पट्ट्यापट्ट्यांचा, आणि पाण्यात अगदी सावकाश फिरत होता. "हा शिस्तीचा आहे," बाबा म्हणाले. दुकानदार म्हणाला, "एकदम शरीफ मासा, साहब. कोनाच्या घेन्यात ना देन्यात."

विजूला टायगर बार्ब हवे होते. पिवळे, काळ्या पट्ट्यांचे, एकमेकांच्या मागं सुसाट पळणारे.

"हे एंजलबरोबर चालतात का?" मी विचारलं. पुस्तकात चालत नाहीत असं लिहिलं होतं. हे मासे दुसऱ्याचे लांब पर कुरतडतात.

"चालते ना."

"पर खात नाहीत?"

"खाते थोडे. आदत पडली का नाही खात." मग माझा चेहरा बघून, "तुमाले एवढा डर असंल तं एंजल नोका घेऊ. तसाही तो मोठा झाला का लहान मासे गिळून टाकते."

"आत्ताच तर शरीफ म्हणाले!" विजू ओरडला.

"शरीफच हाय ना. पन भूक लागली तं तो काय करन?"

आईनं सोनेरी मासे निवडले होते, गोल्डफिश. बाजूच्या टाकीत ते गालात हवा धरल्यासारखे फुगून वर-खाली करत होते. घरात सोनं यावं तसं तिला वाटत होतं. पण गोल्डफिशला थंड पाणी लागतं आणि एंजलला कोमट, हे मला पुस्तकावरून माहीत होतं. मी सांगितलं. दुकानदारानं ते आधी नाकारलं, मग मान्य केलं, मग म्हणाला की नागपुरात सगळंच पाणी कोमट असतं, तेव्हा हा प्रश्नच येत नाही. मी स्वतः गुरामी निवडला होता, कारण त्याला पोटाखाली दोन धाग्यांसारखे अवयव असतात आणि तो त्यांनी समोर येईल त्याला हलकेच चाचपून बघतो. मला ते फार सभ्य वाटलं होतं.

"म्हणजे कोणीच कोणाबरोबर राहू शकत नाही की काय?" बाबा शेवटी म्हणाले. त्यांच्या आवाजात खरोखरच गोंधळ होता. दुकानदारानं पाणी भरलेली पिशवी एका हातात धरली आणि दुसऱ्या हातानं जाळी टाकीत बुडवली.

"रहते ना, साहब. सगळेच राहून राहिले," तो म्हणाला.

आत्या सगळा वेळ पोपटांपाशी उभी होती. आई तिच्याजवळ गेली. "सुशी, तुझे कोणते?"

"मले काहून विचारता, वहिनी? मी पाव्हणी माणूस."

ती हे हसत म्हणाली. पण आईचा हात तिच्या खांद्यापर्यंत गेला होता, तो तिथंच थांबला. बाबांनी ऐकलं. ते दुकानदाराकडं वळले आणि त्यांना सुचलं ते बोलून गेले, "पेटीत एक जागा राहू द्या."

"जागा?" दुकानदार म्हणाला. "पान्यात कायची जागा, साहब?"

परतताना सिटी बसमध्ये प्रत्येकाच्या मांडीवर एकेक पिशवी होती. आत्याचे हात रिकामे होते, म्हणून तिनं तिकिटं धरली.

*

त्या दिवसापासून सगळं घर कशाची वाट बघत होतं ते मला ठाऊक होतं, आणि आत्यालाही असणार. आत्या मासा निवडेल का? निवडला तर ती राहणार. न निवडला तर ती पाहुणी, आणि पाहुणीला न्यायला कुणीतरी येतंच. हे असं कुणी ठरवलं नव्हतं. बाबा दर रविवारी म्हणायचे, "बर्डीवर चक्कर मारू का? नवे मासे आले असतील." आणि आत्या म्हणायची, "जाऊन या नं, दादा." बाबा जात नसत.

मे महिन्यात पेटीतलं पाणी आंघोळीला काढल्यासारखं झालं. एंजलला ते मानवलं. आईचे गोल्डफिश मात्र वर येऊन तोंड उघडून राहिले. एक तर एका कुशीवर कलंडला. घरात कुणाला ऊन लागलं की आई जे करायची तेच तिनं केलं. तिनं पेटीच्या झाकणावर कांदा ठेवला. विजू हसून लोळला. "हसून काय राहिला, मेल्या," आई म्हणाली, "तुझ्या खिशात रोज घालते तेव्हा नाही हसत?" कांद्यानं काही झालं नाही. मी पुस्तक उघडून बसले होते. त्यात बर्फाविषयी काहीतरी होतं, पण फार नको असंही होतं, आणि किती म्हणजे फार ते नव्हतं.

आत्या स्वयंपाकघरातून आली, पेटीत हात घातला आणि मासा ओंजळीत उचलला. ती कूलरकडं गेली. आमचा कूलर खिडकीला लावलेला, सुताराकडून चौकट करून घेतलेला, तीन बाजूंना वाळ्याच्या ताट्या आणि खाली पत्र्याची टाकी. तिनं एक ताटी सरकवली आणि मासा टाकीत सोडला. सबंध घरात गार पाणी तेवढंच होतं. इतकी सोपी गोष्ट होती, आणि पुस्तक मांडीवर घेऊन बसलेल्या मला सुचली नव्हती, आईला नाही, बाबांना नाही. आम्ही स्वतः मात्र दिवसभर त्याच कूलरपुढं बसून होतो.

मासा वाचला. मग रोज दुपारी दोन्ही गोल्डफिश कूलरमध्ये निजायला जायचे आणि दिवेलागणीला परत यायचे. परत आले की पेटीला वाळ्याचा वास यायचा. टाकीतल्या पंपाच्या तोंडाला आत्यानं जुन्या धोतराचा तुकडा बांधला होता. काड्या अडकू नयेत म्हणून असेल, असं बाबा म्हणाले.

त्या दुपारी अजून अंगावर येतात. खिडकीबाहेर पांढरं ऊन, आत ताट्यांवरून ठिबकणारं पाणी, पंपाची घरघर, आणि सतरंजीवर आम्ही चौघं. आत्या कूलरच्या अगदी जवळ निजायची. तिच्या केसांतला मिरचीचा वास तोवर गेला होता. कधी गेला ते मला कळलं नाही. एके दिवशी ती कुशीवर वळली आणि वाळ्याचा वास आला, एवढंच.

*

आतोबा आले ते रोहिणी लागल्यावर. उंच, वाकलेले, पांढरा सदरा, हातात पिशवी आणि पिशवीत मिरच्या. मी त्यांच्याविषयी मनात बरंच काही रचलं होतं, पण ते आले आणि त्यांनी आधी पाणी मागितलं, आणि पाणी पिताना त्यांचा घसा इतका हलत होता की मला त्यांचा राग करता येईना.

"दाजी, बसा," बाबा म्हणाले. दाजी पेटीसमोर बसले. आत्या स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. मिरच्यांमुळं सगळ्यांना शिंका येत होत्या, आणि त्या निमित्तानं कुणाला बोलावं लागत नव्हतं.

"न्यायले आलो," आतोबा शेवटी म्हणाले. कुणाकडं बघून नाही. मग पेटीकडं बघून, "हे काय ठेवलं?"

आईला बोलायला विषय मिळाला. ती भराभरा सांगू लागली. "हा उभा आहे ना, तो ह्यांचा. हे सोनेरी माझे. हे पट्ट्यांचे पळून राहिले ते विजूचे, चार ठिकाणी कुरतडलंय त्यांनी ह्यांच्या माशाला. हा दाढीवाला कुमूचा..." आणि मग ती थांबली, कारण तिच्या लक्षात आलं की आपण कुठं येऊन पोचलो.

"अन् हिचा?" आतोबांनी विचारलं.

बाबा स्वतःच्या पायांकडं बघत होते.

"माहा कूलरमंदी हाय," आत्या म्हणाली.

आम्ही सगळे वळलो. गोल्डफिश तर तेव्हा पेटीत होते. आतोबा हळूहळू उठले, खिडकीपाशी गेले, आत्या सरकवायची तीच ताटी त्यांनी सरकवली आणि वाकून बघितलं. मीही त्यांच्या हाताखालून डोकावले. पत्र्याच्या तळाशी, धोतराच्या तुकड्यापलीकडं, एक बोटाच्या पेराएवढा राखी मासा होता. त्याला रंग असा नव्हताच. विहिरीत डास होऊ नयेत म्हणून मलेरियावाले सोडतात, त्यातला गप्पी. कूलरमध्ये ओतायला काढलेल्या पाण्याबरोबर पोहऱ्यातून आला असणार. कधीपासून होता कोण जाणे.

"हा?" आतोबा हसले. "अवं, हा तं आपल्या भिवापूरच्या विहिरीत बी हाय."

"तेच तं," आत्या म्हणाली.

तेच तर काय? मी आजवर त्या दोन शब्दांभोवती फिरते आहे. तिथंही हाच होता, म्हणून इथं हाच घेतला? की तिथं होता तेव्हा कुणी विचारलं नाही? आतोबांना कळलं असावं, किंवा त्यांनाही कळलं नसावं. त्यांनी ताटी नीट बसवली आणि हात पुसले.

"पावसाळ्यात कूलर काढून ठेवतीन हे लोक. मंग?"

"मंग पाहू."

"बरं," आतोबा म्हणाले. "कूलर काढल्यावर येतो मी."

चहा झाला. आत्यालाही चहा आला, गुलाबाच्या कपात, आणि आतोबांनाही गुलाबाच्या कपात. दोघं समोरासमोर बसून एकसारख्या कपांतून प्यायले. मग ते इतवारीच्या गाडीला गेले.

*

आणि मग पाऊस आला आणि आमच्या घरी कुणी कूलर काढेना.

सगळ्या गल्लीनं काढले. ताट्या उन्हात वाळवून माळ्यावर गेल्या, टाक्या उपड्या झाल्या. आमचाच खिडकीत. घरात घामाच्या धारा, कारण ओल्या हवेत कूलर लावला की चिकटपणा वाढतो हे नागपुरात पाळण्यातल्या पोरालाही माहीत असतं. शेजारच्या काकू ओट्यावरून विचारायच्या, "काहून वं, तुमच्याकडं उन्हाळाच हाय का अजून?" आई म्हणायची, "ह्यांना सवड नाही." बाबा म्हणायचे, "पंप जरा बघायचा आहे." रोज सकाळी बाबा कूलरजवळ जायचे, त्याला हात लावायचे आणि बसला उशीर झाला म्हणून निघून जायचे. माझा निकाल लागला. पेढे वाटताना लोक आधी कूलरकडं बघायचे आणि मग माझ्याकडं.

वाळा कुजायला लागला.

एके सकाळी आत्याच म्हणाली, "दादा, काढा गा तो कूलर. वास येऊन राहिला."

बाबांच्या हातात वर्तमानपत्र होतं. ते घडी करून ठेवायला त्यांना फार वेळ लागला. मग त्यांनी पाना घेतला. विजूनं ताट्या धरल्या. आई चूल सोडून येऊन उभी राहिली. पाणी काढता काढता तळाला थोडंसं उरलं, आणि त्यात तो राखी मासा गोल गोल फिरायला लागला. "थांबा," आत्या म्हणाली. ती फडताळाकडं गेली. तिनं गुलाबाचा कप काढला, तो पाण्यात बुडवला आणि मासा त्यात घेतला.

ती कप घेऊन अंगणाच्या दाराशी गेली. दारातून विहीर दिसत होती. तिथं ती जरा वेळ उभी राहिली. पाठमोरी. मला तिचा चेहरा दिसला नाही. दिसला असता तर आज हे लिहायला बसले नसते. मग ती वळली, पेटीपाशी आली आणि तिनं कप पाण्यात तिरपा केला.

एंजल सावकाश पुढं आला. दुकानदाराचं बोलणं सगळ्यांनाच आठवलं असणार. विजू तर "गिळला!" म्हणून ओरडलासुद्धा. पण एंजल गप्पीसमोर थोडा थांबला आणि बाजूला झाला. माझा गुरामी आला, त्यानं धाग्यांनी त्याला चाचपून पाहिलं. बस, एवढंच झालं.

"वहिनी, चहा करता का?" आत्या म्हणाली.

आईनं चहा केला. कप तर माशाच्या पाण्याचा झाला होता. आईनं इकडंतिकडं पाहिलं आणि गुलाबाचा दुसरा कप न काढता घरातल्या स्टीलच्या फुलपात्रात चहा ओतून दिला. त्यानंतर आत्या नेहमी त्याच फुलपात्रातून प्यायली. गुलाबाचा तो कप पेटीच्या शेजारी राहिला. तो मुद्दाम घेतला होता की हाताला पहिला तोच लागला, हे मला माहीत नाही.

आतोबा आले. त्यांनी पेटीत बघितलं, चहा घेतला, मिरचीच्या भावाबद्दल बाबांशी बोलले आणि गेले. पुढं ते दरवर्षी मिरची निघाली की यायचे. भांडण कधी झालं नाही. "नेतो" असंही ते कधी म्हणाले नाहीत. ते वारले तेव्हा आत्या भिवापूरला गेली, तेरा दिवस राहिली आणि छोट्या गाडीनं परत आली, शिंकत.

*

पेटीत ठरवून आणलेले मासे एकेक करून गेले. विजूच्या बार्बांनी बाबांच्या एंजलला आधी विद्रूप केलं, मग ते एकमेकांच्याच मागं लागून संपले. आईचे गोल्डफिश पुढचा उन्हाळा बघू शकले नाहीत. गुरामी बरेच दिवस टिकला. गप्पी मात्र मादी निघाली. एक दिवस विजू किंचाळला, "आत्याच्या माशाला पिल्लं झाली!" आणि आत्या पदरात तोंड लपवून हसत म्हणाली, "लाज आणली मेलीनं." त्यातली काही एंजलनं गिळली, काही शेवाळात लपली, आणि लपलेल्यांनी हळूहळू सगळी पेटी भरून टाकली. आमच्या रंगीत माशांच्या पेटीत शेवटी एकही रंग उरला नाही. काचा फुटल्या, बदलल्या, लांबी पुन्हा भरली. आतले राखी मासे तेच राहिले.

दर उन्हाळ्यात कूलर लागला की आत्या त्यातला एक गुलाबाच्या कपात घ्यायची आणि टाकीत सोडायची. "जा, चार महिने राहून ये," म्हणायची. पावसाळ्यात परत आणायची. मी विचारायची, "आत्या, माहेर कोणतं गं त्याचं? पेटी की कूलर?" ती म्हणायची, "त्याले विचार."

यंदा वाळेवाला ताट्या भरून गेला. पंप सुरू करून पाहिला, त्याला कापड बांधलं. संध्याकाळी मी गुलाबाचा कप घेऊन पेटीसमोर उभी राहिले. कोणता घ्यायचा ते समजेना. सगळे सारखेच होते, आणि ती कशावरून निवडायची ते मी कधी विचारलं नव्हतं. शेवटी कप नुसता बुडवला. जो आला तो आला. त्याला कूलरच्या टाकीत सोडलं तेव्हा तिचे शब्द तोंडात आले, पण म्हणवले नाहीत.

पौषात वर्षश्राद्ध येईल. विजू येईल, गुरुजी गोत्र विचारतील, विजू माझ्याकडं बघेल. या वेळी मी आमचं सांगणार आहे. गुरुजी म्हणतील, ताई, असं चालत नाही. तोवर कूलर काढून झालेला असेल आणि हा मासा पेटीत परतलेला असेल. ती आपणहून राहिली याची मला अजूनही खात्री नाही. पण त्या सकाळी अंगणाच्या दारातून विहीर दिसत होती, आणि ती वळून घरात आली होती. तेवढं मी पाहिलं आहे.